विश्लेषण : बल्गेरियाचे लोकगीत अंतराळात पोहोचले, सिम्फनी मात्र घरातच का राहिली?

‘नासा’ने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही रचना आहे. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचा आवाज अंतराळात गेल्याची गोष्ट अनेक मराठी वाचकांना ठाऊक असते. त्याच तबकडीवर बल्गेरियातील वाल्या बाल्कान्स्का यांनी गायलेले एक लोकगीतही आहे. रोडोपी पर्वतातील हे गीत आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करते आहे. पण त्याच देशातील संगीतकारांनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या सिम्फनी, रॅप्सडी आणि कॉन्सर्टो युरोप-अमेरिकेच्या मोठ्या सभागृहांतही क्वचितच वाजतात. बीथोव्हन, मोझार्ट, चायकोव्हस्की ही नावे संगीतात फारसा रस नसलेल्यांनाही माहीत असतात. व्लादिगेरोव, स्तायनोव, नेनोव ही नावे मात्र नियमित श्रोत्यांनाही अनोळखी वाटतात. हे संगीत नेमके काय आहे, ते दूर का राहिले आणि आज ते ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी, याचा हा आढावा.

बल्गेरियात सिम्फनी इतक्या उशिरा का आली?

बल्गेरिया जवळपास पाच शतके ऑटोमन साम्राज्याच्या ताब्यात होता. व्हिएन्नात हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हन सिम्फनीचा साचा घडवत होते, तेव्हा बल्गेरियात त्यासाठी लागणारे काहीच नव्हते. ना राजदरबारी ऑर्केस्ट्रा, ना ऑपेरागृह, ना संगीत विद्यालय. संगीत होते ते चर्चमधले, शेतातले आणि जत्रेतले.

पहिला ऑर्केस्ट्रा उभा राहिला तोही निर्वासितांमुळे. हंगेरीतील १८४८-४९ ची क्रांती फसल्यावर लायोश कोशुत आणि त्यांचे अनेक सहकारी ऑटोमन हद्दीतील शुमेन शहरात आश्रयाला आले. त्यांच्यातील मिहाय शाफ्रान यांनी १८५१ मध्ये तिथे वाद्यवृंद सुरू केला. १८७८ मध्ये बल्गेरियाला स्वायत्तता मिळाल्यानंतर चेक संगीतकार आणि बँडमास्तर मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी लष्करी बँड उभे केले. राजधानी सोफियात १९०४ मध्ये खासगी संगीत शाळा सुरू झाली. तिला १९२१ मध्ये सरकारी अकादमीचा दर्जा मिळाला.

बल्गेरियन संगीतकाराने लिहिलेली पहिली सिम्फनी १९१२ ची आहे. ती निकोला अतानासोव यांची. त्याच्या आदल्याच वर्षी व्हिएन्नात गुस्ताव माहलर यांचे निधन झाले होते आणि सिम्फनी हा प्रकार आता संपत आला का, अशी चर्चा तिकडे सुरू होण्याचे ते दिवस होते. म्हणजे युरोपाला जे अंतर कापायला दीडशे वर्षे लागली, ते बल्गेरियाला दोन-तीन दशकांत कापायचे होते.

‘बल्गेरियन ताल’ म्हणजे नेमके काय?

या संगीताची खरी ओळख तालात आहे. युरोपीय शास्त्रीय संगीतात ठोके सहसा सारख्या लांबीचे असतात. मार्च दोनाचा, वॉल्ट्झ तीनाचा. चायकोव्हस्कींनी १८९३ मधील सहाव्या सिम्फनीचा एक भाग पाच मात्रांत लिहिला, याचेच आजही कौतुक होते. बल्गेरियन लोकनृत्यांत मात्र दोन वेगवेगळ्या लांबीचे ठोके असतात. एक आखूड, दोन मात्रांचा आणि एक लांब, तीन मात्रांचा. त्यांची मांडणी बदलली की नृत्य बदलते.

‘पायदुश्को’ या नृत्यात पाच मात्रा असतात, २+३. ‘राचेनित्सा’त सात, २+२+३. ‘दायचोवो’त नऊ, २+२+२+३. ‘कोपानित्सा’त अकरा, २+२+३+२+२.

मराठी श्रोत्याला हे गणित परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या रूपक तालातही सातच मात्रा आहेत, ३+२+२. याच मांडणीचे ‘चेत्वोर्नो’ नावाचे नृत्य बल्गेरियातही आहे. राचेनित्सात लांब ठोका सुरुवातीऐवजी शेवटी येतो, इतकाच फरक. अर्थात, रूपकातील सम-खालीची कल्पना तिथे नाही आणि वेगही फार वेगळा आहे. राचेनित्सा इतकी वेगाने जाते की सात मात्रा मोजता येत नाहीत. पायांना जाणवतात ती फक्त तीन पावले, दोन झटपट आणि तिसरे किंचित रेंगाळणारे. हे रेंगाळणे हीच त्या नृत्याची जान आहे.

संगीतकार दोब्री ह्रिस्तोव यांनी १९१३ मध्ये या तालांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. ते प्रागमध्ये ड्वोर्झाक यांच्याकडे शिकले होते. पुढे १९३८ मध्ये हंगेरीचे बेला बार्टोक यांनी ‘बल्गेरियन ताल’ या विषयावर लेखन केले. त्यांच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’ या पियानो संग्रहातील शेवटच्या सहा रचनांना त्यांनी ‘बल्गेरियन तालातील नृत्ये’ असेच नाव दिले. आज जगभरातील पियानोचे विद्यार्थी बल्गेरियन ताल शिकतात तो बहुधा या हंगेरियन संगीतकाराकडून. तोच ताल घेऊन पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्या बल्गेरियन संगीतकारांपर्यंत ते सहसा पोहोचत नाहीत.

पांचो व्लादिगेरोव कोण होते?

या पिढीतील सर्वांत मोठे नाव पांचो व्लादिगेरोव यांचे. त्यांचा जन्म १८९९ मध्ये झ्युरिकमध्ये झाला, बालपण शुमेनमध्ये गेले. वडील बल्गेरियन वकील, तर आई रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील. जुळा भाऊ ल्युबेन व्हायोलिनवादक होता. वडिलांच्या निधनानंतर कुटुंब सोफियात आले. तिथे दोब्री ह्रिस्तोव यांच्याकडे शिक्षण झाले आणि १९१२ मध्ये शिष्यवृत्तीवर दोघे भाऊ बर्लिनला गेले.

बर्लिनमध्ये त्यांचे नाव झपाट्याने झाले. प्रतिष्ठेचा मेंडेल्सझोन पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला. त्यांचा पहिला व्हायोलिन कॉन्सर्टो १९२१ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकने फ्रिट्झ रायनर यांच्या संचालनाखाली सादर केला. बल्गेरियन संगीतकाराने लिहिलेला हा पहिलाच व्हायोलिन कॉन्सर्टो. पुढे दशकभर ते नामवंत दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यगृहासाठी संगीत देत होते. व्हिएन्नाची युनिव्हर्सल एडिशन ही मातब्बर प्रकाशन संस्था त्यांच्या रचना छापत होती.

ते १९३२ मध्ये सोफियाला परतले. पुढच्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू आईच्या मुलाला तिथे जागा उरली नसती, हे उघड आहे. सोफियात त्यांनी अकादमीत चार दशके शिकवले. पुढे जगप्रसिद्ध झालेले पियानोवादक अलेक्सिस वायसेनबर्ग हे त्यांचेच शिष्य. पाच पियानो कॉन्सर्टो, दोन व्हायोलिन कॉन्सर्टो, दोन सिम्फनी आणि ‘झार कालोयान’ हा ऑपेरा हे त्यांच्या कामातील मोठे टप्पे. १९५१ मध्ये त्यांनी ऑर्केस्ट्रासाठी ‘ज्यू काव्य’ ही गंभीर, शोकमग्न रचना लिहिली. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. सोफियाच्या संगीत अकादमीला आज त्यांचेच नाव आहे.

‘वार्दार’ची गोष्ट काय आहे?

व्लादिगेरोव यांची सर्वांत लोकप्रिय रचना म्हणजे ‘वार्दार’ ही बल्गेरियन रॅप्सडी. १९२२ मध्ये त्यांनी ती भावासाठी, व्हायोलिन आणि पियानोवर लिहिली. १९२८ मध्ये तिचे ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर केले. वार्दार ही आजच्या उत्तर मॅसेडोनियातून वाहणारी नदी. बाल्कन युद्धे आणि पहिले महायुद्ध झाल्यावर तो प्रदेश बल्गेरियाच्या हाती राहिला नाही. देशात लाखो विस्थापित आले होते आणि पराभवाची जखम ताजी होती. नदीचे नुसते नाव घेतले तरी बल्गेरियन श्रोत्याला पुढचे सांगावे लागत नव्हते.

या रचनेच्या मध्यवर्ती धुनेची गोष्ट गमतीची आहे. व्लादिगेरोव यांनी ती लोकगीत समजून घेतली. प्रत्यक्षात ती त्यांचेच गुरू दोब्री ह्रिस्तोव यांनी बांधलेल्या गाण्याची चाल निघाली. गाणे लोकांच्या तोंडी इतके रुळले होते की शिष्यालाही त्याचा कर्ता आठवला नाही. एखाद्या संगीतकाराला याहून मोठी दाद कोणती मिळणार?

साधारण दहा मिनिटांच्या या रचनेत आधी ती ओढ लावणारी चाल येते, मग नृत्यांचा वेग चढत जातो आणि अखेरीस तीच चाल संपूर्ण ऑर्केस्ट्राच्या ताकदीने परतते. सुरुवातीला जी आठवण वाटते, ती शेवटी घोषणा होते. बल्गेरियात हिला जवळपास राष्ट्रगीताचा मान आहे.

व्लादिगेरोव यांच्याखेरीज कोणाला ऐकावे?

१९३३ मध्ये सोफियातील काही संगीतकारांनी ‘समकालीन संगीत’ नावाची संस्था स्थापन केली. आजच्या बल्गेरियन संगीतकार संघाची ती पूर्वसुरी मानली जाते. तिच्या संस्थापकांत व्लादिगेरोव तर होतेच, पण इतरही नावे तितकीच लक्ष देण्याजोगी आहेत.

पेत्को स्तायनोव (१८९६-१९७७) : गुलाबांच्या खोऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या काझानलकचे. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली. तरीही ते ड्रेस्डेनला जाऊन शिकले आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहू लागले. १९२० च्या दशकातील त्यांची ‘थ्रेसियन नृत्ये’ ही बल्गेरियन ऑर्केस्ट्रा संगीतातील पायाभूत रचना मानली जाते. तिच्यातील ‘राचेनित्सा’ आणि अस्वलवाल्याच्या खेळावरचा ‘मेच्कार्स्को’ हे भाग ऐकताना जत्रा डोळ्यांपुढे उभी राहते. ती रंगवणाऱ्याने जत्रा पाहिली असेल तर ती फक्त बालपणी, हे लक्षात ठेवून ऐकले की अर्थ आणखी वाढतो.

दिमितर नेनोव (१९०१-१९५३) : संगीतकार, पियानोवादक आणि शिक्षणाने वास्तुविशारद. ड्रेस्डेनमध्ये त्यांनी दोन्ही विषय एकाच वेळी शिकले. त्यांचा १९३६ चा पियानो कॉन्सर्टो पाऊण तासाच्या आसपास, मध्ये न थांबता चालतो. नेहमीच्या कॉन्सर्टोत तीन स्वतंत्र भाग असतात, इथे एकच अखंड इमारत आहे. लोकधून वरवर ऐकू येत नाही, ती पायात पुरलेली आहे.

वेसेलिन स्तोयानोव (१९०२-१९६९) : हेही शुमेनचे. शिक्षण व्हिएन्नात. त्यांची १९४१ ची ‘बाय गान्यो’ ही रचना म्हणजे ऑर्केस्ट्रातून केलेली विनोदी व्यक्तिचित्रे. बाय गान्यो हे आलेको कोन्स्तान्तिनोव यांच्या १८९५ मधील पुस्तकातील पात्र. गुलाबाचे अत्तर विकायला युरोपभर हिंडणारा, कंजूष, आगाऊ आणि तरीही आपला वाटणारा बल्गेरियन. शास्त्रीय संगीतात स्वतःच्याच समाजावर हसणारी रचना सहसा सापडत नाही. ही त्यांपैकी एक आहे.

ल्युबोमीर पिपकोव (१९०४-१९७४) : लोवेच शहरातील. वडील पानायोत पिपकोव यांनी चाल दिलेले गीत आजही २४ मे रोजी, सिरिलिक लिपी आणि संस्कृतीच्या दिवशी, देशभर गायले जाते. ल्युबोमीर पॅरिसमध्ये पॉल ड्युका आणि नादिया बुलांझे यांच्याकडे शिकले. १९४० मधील त्यांच्या पहिल्या सिम्फनीवर स्पेनच्या यादवी युद्धाची छाया आहे. व्लादिगेरोव यांच्या रंगीत, समृद्ध नादापेक्षा यांचा स्वर करडा आणि काटकसरी आहे.

या संस्थापकांहून थोडे धाकटे मारिन गोलेमिनोव (१९०८-२०००) यांचे नावही याच यादीत घ्यावे लागते. त्यांचे ‘नेस्तिनारका’ हे नृत्यनाट्य १९४२ मध्ये सोफियात रंगमंचावर आले. नेस्तिनारी म्हणजे संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांच्या उत्सवात अनवाणी निखाऱ्यांवर नाचणारे लोक. या प्रथेचा समावेश २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. श्रद्धेची ओढ आणि माणसाची भीती यांतला ताण गोलेमिनोव यांनी विषम तालांतून उभा केला आहे.

१९४४ नंतर काय बदलले?

सप्टेंबर १९४४ मध्ये बल्गेरियात कम्युनिस्ट सत्तेचा मार्ग मोकळा झाला आणि संगीताचा सगळा कारभार हळूहळू सरकारकडे गेला. याचे दोन परिणाम झाले. एकीकडे प्रांतोप्रांती सरकारी ऑर्केस्ट्रा उभे राहिले, वादकांना पगार मिळू लागला आणि ‘बाल्कान्तोन’ या सरकारी कंपनीने देशी संगीतकारांची ध्वनिमुद्रणे केली. दुसरीकडे काय लिहावे, यावर नजर आली. १९४८ मध्ये मॉस्कोत शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव यांच्यावर ‘रूपवादी’ असल्याचा ठपका ठेवला गेला. जनतेला न कळणारे संगीत लिहिणे, असा त्याचा अर्थ. ती लाट सोफियातही आली.

तिचा फटका बसला तो पुढच्या पिढीला. कोन्स्तान्तिन इलिएव (१९२४-१९८८) आणि लाझार निकोलोव (१९२२-२००५) यांना लोकधुनांच्या पलीकडे जायचे होते. निकोलोव यांचा १९४९ चा तंतुवाद्यांसाठीचा कॉन्सर्टो आज बल्गेरियन आधुनिकतेचा आरंभ मानला जातो, पण त्या काळात असे लिहिणे म्हणजे टीका ओढवून घेणे होते. इलिएव कंडक्टर म्हणूनही मोठे होते. त्यांनी वादकांकडून नवे संगीत चिकाटीने वाजवून घेतले, म्हणून ते कागदावरच राहिले नाही.

मग ही नावे जगापर्यंत का पोहोचली नाहीत?

दर्जा कमी पडला, हे सोपे उत्तर आहे. पण व्लादिगेरोव यांचेच उदाहरण ते खोडून काढते. १९३२ पर्यंत ते बर्लिन, व्हिएन्नाच्या वर्तुळात होते, तोवर त्यांचे संगीत युरोपभर वाजत होते. ते सोफियाला परतल्यावर संगीत तेच राहिले, पण रस्ता बदलला.

चित्र किंवा कादंबरीसारखी सिम्फनी एकट्याने पोहोचत नाही. स्वरलिपी छापावी लागते, प्रत्येक वादकासाठी वेगळी प्रत काढावी लागते, सत्तर-ऐंशी वादक तालमीला बसवावे लागतात आणि त्याआधी कोणा कंडक्टरने ती रचना ऐकलेली असावी लागते. या साखळीची एक कडी तुटली तरी संगीत थांबते. शीतयुद्धात बल्गेरियासाठी ती बऱ्याच ठिकाणी तुटली. विषम तालांमुळे अनोळखी ऑर्केस्ट्राला तालमी जास्त लागतात, ही आणखी एक अडचण.

दुसरे कारण ओळखीचे. पश्चिमेत बल्गेरिया म्हणजे आवाज, असे समीकरण झाले. बोरिस ख्रिस्तोव आणि निकोलाय ग्याउरोव यांच्यासारखे ऑपेरा गायक, पुढे ‘बल्गेरियन आवाजांचे गूढ’ या नावाने गाजलेले आणि १९९० मध्ये ग्रॅमी मिळवणारे स्त्रियांचे समूहगान. या प्रतिमेत ऑर्केस्ट्राला जागा उरली नाही.

तिसरे कारण क्षुल्लक वाटेल, पण मोबाइलवर शोधणाऱ्याला ते लगेच भेटते. सिरिलिक लिपीतून रोमन लिपीत येताना एकाच नावाची स्पेलिंग वेगवेगळी होतात. जर्मन प्रकाशनांत व्लादिगेरोव एका प्रकारे, इंग्रजीत दुसऱ्या प्रकारे. एका स्पेलिंगने शोधले तर निम्मे संगीत दिसतच नाही.

आता चित्र बदलते आहे का?

काही प्रमाणात, हो. व्लादिगेरोव यांचे पुत्र अलेक्झांडर यांनी १९७० च्या दशकात बल्गेरियन नॅशनल रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वडिलांच्या रचना ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. ‘कॅप्रिचिओ’ या कंपनीने २०२० पासून त्या मालिकेच्या रूपात पुन्हा बाजारात आणल्या आणि त्या स्ट्रीमिंगवरही आल्या. नेनोव यांचा पियानो कॉन्सर्टो २०१७ मध्ये रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राने बल्गेरियन कंडक्टर एमिल तबाकोव यांच्यासोबत ‘हायपेरिअन’ या ब्रिटिश कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केला.

नव्या पिढीत दोब्रिन्का तबाकोवा हे नाव ठळक आहे. १९८० मध्ये प्लोवदिवमध्ये जन्मलेल्या आणि लंडनमध्ये वाढलेल्या तबाकोवा यांच्या ‘स्ट्रिंग पाथ्स’ या अल्बमला ग्रॅमी नामांकन मिळाले. त्यांची ‘ऑर्फियस कॉमेट’ ही २०१७ मधील छोटी ऑर्केस्ट्रा रचना युरोपीय रेडिओ संघाच्या उपक्रमासाठी लिहिलेली आहे. त्यांना प्रकाशक, ऑर्केस्ट्रा आणि रेकॉर्ड कंपनी अशी पूर्ण साखळी उपलब्ध झाली. आधीच्या पिढीला नेमकी तीच मिळाली नव्हती.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने ‘वार्दार’पासून सुरुवात करावी. चाल लगेच लक्षात राहते आणि दहा मिनिटांत रचना संपते. त्यानंतर स्तायनोव यांची ‘राचेनित्सा’ लावून मांडीवर दोन-दोन-तीन असा ठेका धरून पाहावा. एकदा ठेका सापडला की व्लादिगेरोव यांची १९३१ मधील ‘सात बल्गेरियन सिम्फनिक नृत्ये’ सोपी वाटू लागतात. विनोद आवडत असेल तर ‘बाय गान्यो’, नाट्य आवडत असेल तर ‘नेस्तिनारका’. नेनोव यांचा कॉन्सर्टो मात्र घाईत ऐकू नये. त्यासाठी पाऊण तास आणि चांगला हेडफोन राखून ठेवावा.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांच्या आकड्यांचा हिशेब ठेवला जातो. कमी ऐकली जाणारी रचना शिफारशींत खाली जाते आणि आणखी कमी ऐकली जाते. पूर्वी जे काम सीमेवरच्या कुंपणाने केले, ते आता अल्गोरिदम करू शकतो. फरक इतकाच की हे कुंपण ओलांडण्यासाठी व्हिसा लागत नाही. नाव नीट शोधून एकदा ‘प्ले’ दाबले की पुरते.